मुरमाच्या खड्याचा माग: टेकडीचा उतार आणि ओढा कसा वाचायचा

जूनमधला पहिला दणकून पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही टेकडीच्या पायथ्याला जाऊन बघा. डांबरावर तांबूस मुरमाची जीभ पसरलेली असते. वळणावर एखादी दुचाकी घसरते, झाडूवाल्या मावशी फावड्यानं ढीग करतात आणि दुपारपर्यंत सगळे ते विसरून जातात. मी बरीच वर्षं विसरतच होते. मग एका पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला पोट आलं आणि हा मुरूम येतो कुठून, थांबतो कुठे आणि किती येतो, हे बघायला मी टेकडी चढले.

ते कसं बघायचं, ते इथे सांगते. भूगोलाची पदवी लागत नाही. लागतात तीन फेऱ्या: पहिली मे महिन्याच्या शेवटी, दुसरी जुलैत पाऊस चालू असताना, तिसरी ऑक्टोबरात. मी वेताळ टेकडी ते मुठा नदी असा माग काढला. तुम्ही तळजाई, हनुमान टेकडी, कात्रजचा डोंगर, काहीही घ्या. फक्त वरून खालपर्यंत एकच ओघळ धरा. तीन टेकड्या अर्धवट बघण्यात काही हाती लागत नाही.

सामान: सहा इंची खिळे बारा आणि त्यांना बसतील असे वॉशर, हातोडी, शाळेतला चांदा, दोरा आणि एक जड नट, स्टीलची पट्टी, मोजायची टेप, झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या, पांढरा पुठ्ठा, थोडा ऑइल पेंट आणि वही. मोबाइलमध्ये घड्याळ आणि कॅमेरा असतोच.

आधी पायऱ्या मोजा

मे महिन्यात, गवत वाळलेलं असताना, टेकडीकडे जरा लांबून बघा. उतार एकसारखा नसतो. एक काळा कडा, मग सौम्य उतार, मग पुन्हा कडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर ओतला गेला आणि त्यातून आपला काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट झाला. या प्रदेशाला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या ‘पायरी’वरून आलाय. थराचा घट्ट भाग झिजायला चिवट, म्हणून तो कडा होऊन उभा राहतो. वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला भाग लवकर कुजतो आणि त्याचा सौम्य उतार होतो. दोन थरांमध्ये कधी कधी विटकरी तांबड्या मातीचा पट्टाही दिसतो. सिंहगडावर जाताना धाप लागते आणि मध्येच पठार आल्यावर बरं वाटतं, ते याच पायऱ्यांमुळे.

वहीत टेकडीची बाजूची रेघ काढा आणि किती पायऱ्या दिसतात ते लिहा. पुढे ओढ्यात जिथे जिथे पाणी उडी मारेल, तिथे बहुतेक वेळा यातलीच एक पायरी असेल.

आता जवळ जा. रस्त्यासाठी डोंगर कापलाय असा एखादा उभा काप शोधा. तिथे फुटबॉलएवढे गोल धोंडे दिसतील आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे. एक पापुद्रा बोटानं ओढा, तो सुटून हातात येतो. बाहेरचा पिवळट आणि चुरगळणारा, त्याच्या आतला जरा टणक, अगदी गाभ्यात निळा-काळा अस्सल दगड. खडकातल्या भेगांतून पाणी शिरतं आणि चौकोनी तुकड्यांचे कोपरे दोन-तीन बाजूंनी एकदम कुजवतं, म्हणून चौकोनाचा गोळा होतो. गळून पडलेले हे पापुद्रे म्हणजे आपला मुरूम. त्यातला एक नखाएवढा खडा खिशात टाका. पुढचा सगळा प्रवास त्याचाच आहे.

उतार मोजा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका

चांद्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली नट लटकवा. सपाट काठी उताराच्या दिशेनं, वरून खाली अशी जमिनीवर टेकवा, चांद्याची सरळ बाजू तिच्या कडेला लावून चांदा उलटा धरा आणि दोरा ९० च्या खुणेपासून किती सरकला ते वाचा. तेवढे अंश उतार. एका ठिकाणी तीनदा मोजून सरासरी घ्या. पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला चाळीस अंश वाटलेला उतार पंचविसाच्या आत निघाला. खालून वर बघताना प्रत्येकाची अशीच फसगत होते.

हा आकडा कशासाठी? खड्याचं वजन सरळ खाली ओढत असतं. उताराच्या दिशेनं त्यातला किती हिस्सा लागतो, ते कोनावर ठरतं: १० अंशाला वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढी ओढ, २० ला तिसऱ्या, ३० ला निम्मी. समोरून धरून ठेवणारं असतं खड्यांमधलं घर्षण, मुळांची जाळी आणि ओल्या मातीची चिकट.

ही झुंज कुठे बरोबरीत सुटते, ते बघायला टेकडीवर जायचीही गरज नाही. बांधकामाच्या जागी टिपरनं नुकताच ओतलेला कोरड्या मुरमाचा ढीग मोजा. तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान कुठेतरी तो थबकलेला असतो. वरून आणखी एक फावडं टाका, ढीग वर चढत नाही, बाजूनं ओघळतो. सुटं सामान यापेक्षा जास्त उभं राहूच शकत नाही. तुमच्या टेकडीच्या पोटातली कापलेली भिंत साठ-सत्तर अंशात उभी असेल तर ती फक्त खडकाच्या जिवावर उभी आहे. तो खडक कुजका निघाला, तर ती भिंत किती दिवस उभी राहील हे त्या ढिगानं सांगितलंच आहे.

पाण्याचं काम इथे दुहेरी असतं. थोडी ओल मातीला चिकट आणते, म्हणून वाळूचा किल्ला उभा राहतो. पण भेगा आणि पोकळ्या पाण्यानं गच्च भरल्या की ते पाणी आतून दाब देतं, कण एकमेकांवरून उचलले जातात आणि घर्षणच संपतं. आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ ला डोंगर आला तो मुसळधार पावसात. दीडशेच्या आसपास माणसं गेली.

म्हणून जुलैच्या फेरीत उतारावर नवी अर्धगोल भेग, एकाएकी फुटलेला झरा, नेहमीच्या स्वच्छ झऱ्याला आलेलं गढूळ पाणी किंवा कललेले खांब दिसले, तर मोजमाप बाजूला ठेवा. तिथून निघा, आधी खालच्या घरांतल्या लोकांना सांगा आणि मग प्रशासनाला कळवा.

थेंबाचा मार

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग हा.

पावसाचा मोठा थेंब, पाच मिलिमीटरचा, सेकंदाला नऊ मीटर वेगानं जमिनीवर येतो. उघड्या मातीवर आपटला की कण चारी बाजूंना उडतात. सपाटीवर जेवढे इकडे तेवढेच तिकडे. उतारावर मात्र खालच्या बाजूला उडालेला कण जास्त लांब पडतो. लाखो थेंबांचा हिशेब शेवटी खालच्याच बाजूला जमा होतो, वाहत्या पाण्याचा संबंध येण्याच्याही आधी.

जुलैत छत्री घेऊन जा आणि पांढरा पुठ्ठा उघड्या मातीच्या कडेला पाचेक मिनिटं उभा धरा. पुठ्ठ्यावर चिखलाचे ठिपके उमटतील. सगळ्यात वरचा ठिपका किती उंचीवर आहे ते मोजा. मग पुठ्ठा धुऊन तोच प्रयोग शेजारच्या गवताच्या पट्ट्यात करा. दुसरा पुठ्ठा जवळजवळ कोरा येतो. गवताचं पातं मार स्वतःवर घेतं आणि पाणी हळूच खाली सोडतं.

पाऊस थांबला की गुडघ्यावर बसा आणि उघड्या जागेकडे अगदी जवळून, वीतभर अंतरावरून बघा. प्रत्येक चपटा खडा मातीच्या एका बारीक खांबावर उभा दिसेल, डोक्यावर टोपी घातल्यासारखा. खड्याच्या सावलीतली माती वाचली, आजूबाजूची गेली. त्या खांबाची उंची पट्टीनं मोजा. अलीकडच्या सरींत तिथून किमान तेवढी माती गेली. कुठल्याही यंत्राशिवाय मिळणारा हा आकडा आहे आणि रोज टेकडीवर फिरणाऱ्या शेकडो लोकांच्या तो पायाखाली असतो.

समजा खांब दोन मिलिमीटरचे आहेत. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण एका हेक्टरवर दोन मिलिमीटर म्हणजे २० घनमीटर. टिपरवाल्याच्या भाषेत सात ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट).

मे महिन्यात खिळे ठोकायचे ते याच आकड्याची खातरजमा करायला. वॉशर घातलेला खिळा उभा ठोका, वॉशर जमिनीला टेकलेला आणि डोकं बरोबर पाच सेंटिमीटर वर. सहा उघड्या मातीत, सहा गवतात, वरपासून खालपर्यंत ओळीनं. मे महिन्यात मुरूम इतका टणक असतो की चार खिळे वाकतातच, जास्तीचे न्या. प्रत्येक जागेचा फोटो काढा आणि जवळच्या झाडापासून किंवा धोंड्यापासून पावलं मोजून लिहून ठेवा. पहिल्या वर्षी मी सगळे खिळे पायवाटेच्या कडेला ठोकले आणि ऑक्टोबरात त्यातले दोनच सापडले. वाटेपासून लांब जा.

ओघळ

पातळ थरानं वाहणारं पाणी फार काळ पातळ राहत नाही. जरा खोलगट जागा मिळाली की तिथे गोळा होतं, खोली वाढली की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी खोदतं. बोटाएवढ्या रेघा, मग हातभर ओघळ, मग माणूस उतरेल अशी घळ. टेकडीवरच्या ओघळींची सुरुवात बघाल तर बऱ्याचदा ती पायवाट किंवा मोटारसायकलची चाकोरी असते. सरळ उतारावर खाली गेलेली वाट म्हणजे पाण्याला आयती मोरी. नागमोडी वाट कंटाळवाणी वाटते, पण ती टिकते. शॉर्टकट मारणाऱ्यांवर माझा राग आहे, तो एवढ्यासाठीच.

ओघळीचं डोकं, म्हणजे वरचं टोक, नीट बघा. तिथे छोटीशी पायरी असते. पाणी तिच्यावरून पडतं, पायथ्याला खड्डा करतं, वरचा काठ पोखरला जाऊन ढासळतो. त्यामुळे ओघळ लांबते ती वरच्या दिशेला. त्या काठापासून वर अर्ध्या मीटरवर जास्तीचा एक खिळा ठोका आणि दर फेरीत अंतर मोजा.

इलाजही इथेच, डोक्याजवळ, ओघळ लहान असताना करायचा. जागेवरचेच धोंडे आडवे रचून गुडघ्याएवढे बांध घालायचे. मृदसंधारणवाले त्यांना अनगड दगडी बांध म्हणतात. मधला भाग बाजूंपेक्षा खोलगट ठेवायचा, नाहीतर पाणी कडेनं वाट काढून काठच खातं. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा, एवढं अंतर. ही पातळी काढायला गवंड्याची पारदर्शक नळी पुरते. वरच्या मोकळ्या उतारावर सलग समतल चर खणायचे असतील तर तीच नळी. चर जरा जरी एका बाजूला कलला तर पाणी तिकडे गोळा होतं, काठ फोडतं आणि नवी ओघळ तुम्हीच तयार करून देता. वनखात्याच्या किंवा खाजगी जागेत परवानगीशिवाय यातलं काहीच करू नका.

ओढ्यात: वेग, गोटे आणि बरणी

ओघळी मिळून ओढा होतो. वेताळ टेकडीचं कोथरूडकडचं पाणी नाल्यांमधून मुठेला जातं, पाषाणकडचं रामनदीकडे आणि तिथून मुळेला. जुलैत, पाणी गुडघ्याखाली असेल तरच काठाजवळ उतरा, एकट्यानं नाही आणि वर ढग दाटलेले असताना मुळीच नाही. शहरातल्या ओढ्यांचं पाणी पाच-दहा मिनिटांत चढतं. काँक्रीट आणि डांबर पाणी मुरू देत नाहीत, त्यामुळे सगळं एकदम येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुरानं हे दाखवून दिलंय.

सरळ दहा मीटरचा पट्टा निवडा. संत्र्याची साल सोडा आणि वेळ मोजा. साल आठ सेकंदांत गेली तर वेग सव्वा मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जलद असतं, म्हणून ०.८५ नं गुणा: सेकंदाला साधारण एक मीटर. पात्र दोन मीटर रुंद आणि सरासरी ३० सेंटिमीटर खोल असेल तर सेकंदाला सव्वासहाशे लिटरच्या आसपास, म्हणजे बावीस क्युसेक (सेकंदाला बावीस घनफूट). खडकवासल्यातून किती सोडलं हे बातम्यांत आपण ऐकतो, तोच हा क्युसेक.

आता त्या वेगानं काय काय हलतं? ढोबळ नियम असा: पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते चौपट व्यासाचा गोटा ढकलू शकतं. चौपट व्यास म्हणजे वजन ६४ पट. एरवी घोट्याएवढ्या पाण्याचा ओढा एका रात्रीत फ्रिजएवढा धोंडा कसा सरकवतो, याचं उत्तर या आकड्यात आहे. वर्षभर ओढा जे करत नाही ते दोन-तीन पुरांत उरकतो.

बारीक कणांचं गणित मात्र उलटं आहे. १९३५ मध्ये फिलिप युल्स्ट्रोम या स्वीडिश शास्त्रज्ञानं हे आलेखात मांडलं. उचलायला सगळ्यात सोपी असते मध्यम-बारीक वाळू. सेकंदाला वीसेक सेंटिमीटर वेग तिला पुरतो. तिच्याहून बारीक चिकणमाती एकदा बसून घट्ट झाली की तिला उखडायला गोट्यांएवढा वेग लागतो. पण उखडली की ती जवळजवळ थांबलेल्या पाण्यातही तरंगत राहते. म्हणून ओढ्याच्या तळाशी गोटे, वळणाच्या आत वाळू, आणि चिकण थेट धरणात किंवा समुद्रात.

हे बरणीत बघता येतं. पुराचं गढूळ पाणी बरणीत भरा, घरी नेऊन हलवा आणि खिडकीत ठेवा. वाळू मिनिटाच्या आत तळाला बसते. पोयट्याला, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड गाळाला, काही तास लागतात. चिकणमाती दोन-तीन दिवस पाणी चहासारखं ठेवते. प्रत्येक थर बसला की काचेवर पेननं रेघ मारा आणि तारीख लिहा. दुसऱ्या बरणीत नुसतं टेकडीवरचं, गवतातून येणारं पाणी भरा. दोन्ही बरण्या शेजारी ठेवल्या की घरातली मुलं स्वतःहून प्रश्न विचारायला लागतात. घरातली मोठी माणसं ‘हे कधी टाकणार?’ एवढंच विचारतात.

ऑक्टोबरात पाणी उतरलं की गोटे मोजा. पात्रात आडवं चालायचं, प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाशी असलेला पहिला दगड न बघता उचलायचा आणि त्याची मधली रुंदी लिहायची, असे शंभर. आवडलेला दगड उचलायचा मोह होतोच, पण मग मोजणी वाया जाते. टेकडीजवळ एकदा आणि खाली नदीजवळ एकदा केलंत तर खालचे दगड लहान आणि कोपरे घासलेले मिळतील. मे महिन्यात तीसेक गोटे रंगवून ओढ्यात एका ओळीत ठेवले असतील तर तेही शोधा. निम्मेही मिळत नाहीत, पण जो शंभर पावलं खाली सापडतो तो पुराबद्दल बरंच सांगतो.

एक गंमत: वरच्या ओढ्यात पांढऱ्या झिओलाइटचे ठिसूळ तुकडे दिसतात, लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेले. खाली जाईपर्यंत त्यांचा भुगा होतो. गारगोटी मात्र शेवटपर्यंत टिकते.

मुठेच्या काठी

पूर ओसरल्यावर भिडे पुलाजवळ नदीपात्रातल्या रस्त्यावर जो मऊ, साबणासारखा गाळ बसलेला असतो, तो हातात घ्या आणि चिमटीत चोळा. खरखर लागली तर वाळू, पिठासारखा लागला तर पोयटा, चिकटला आणि त्याची वळी झाली तर चिकण. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी काठ खातं आणि आतल्या बाजूला मळई टाकतं. दोन्ही बाजूंचे नमुने एकाच दिवशी घ्या. गावाबाहेर, काठ उभा कापलेला असेल तिथे, चार-पाच पुरुष उंचीपर्यंत जुना गाळ दिसतो आणि त्यात पांढरे चुनखडीचे खडे. आजची नदी ज्या गाळाला खाते आहे, तो पूर्वी तिनंच टाकलेला आहे. कुकडी नदीच्या काठी बोरी गावाजवळच्या अशाच गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलाय. आपल्याकडे एवढ्यात ज्वालामुखी झालेला नाही. ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते.

त्याच कुकडीवर निघोजचे रांजणखळगे आहेत. एक दिवस काढून जाच. भोवऱ्यात अडकलेले गोटे गोल फिरत बसाल्टला रांजणाएवढी भोकं पाडतात, आणि काही खळग्यांच्या तळाशी ते गोल गोटे अजून पडलेले असतात.

टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणं मुठेच्या खोऱ्यातला बराचसा जाड गाळ अडवून ठेवतात. त्यामुळे शहरातल्या मुठेत जी वाळू-मुरूम दिसते, तिच्यातला मोठा वाटा खडकवासल्याखालच्या ओढ्यानाल्यांचा, म्हणजे आपल्याच टेकड्यांचा. तुमचा तो नखाएवढा खडाही याच वाटेनं आला असता.

आता भिंतीबद्दल. मिस्त्री आला, हातानं पोट चाचपलं आणि म्हणाला, “ताई, पाणी जायला भोकंच ठेवलेली नाहीत, भिंत बिचारी काय करेल?” मागे टेकडीवरून आलेला मुरूम आणि पाणी साचत होतं, माळीणच्या डोंगरातलंच गणित लहान प्रमाणात. तुमच्या भिंतीला भोकं आहेत का बघा. असतील तर ती मातीनं बुजली नाहीत ना, हे मे महिन्यात सळई घालून तपासा. भिंतीमागे निदान फूटभर खडीचा थर हवा आणि वरून येणारं पाणी चरानं बाजूला वळवलेलं हवं.

ऑक्टोबरची फेरी दिवाळीच्या आधी करा. खिळ्याचं डोकं आता जमिनीपासून किती वर आहे ते मोजा आणि त्यातून पाच सेंटिमीटर वजा करा, तेवढी माती गेली. वजाबाकी उलटी आली, म्हणजे वॉशरवर माती साठली, तर तो खिळा वरच्या कुणाच्यातरी मातीवर बसलाय. उताराच्या तळाशी असं हमखास होतं, आकडा चुकला म्हणून खोडू नका. दोन पावसाळे झाले की सगळे खिळे मोजून काढून आणा, बाराच्या बारा आणि ओघळीजवळचाही. त्या उतारावर गुराखी मुलं अनवाणी पळतात.